सेल्फ फिरतो, चेक लाइट लागत नाही: ईसीएमचा तपास आणि बदल

गाडी रत्नागिरी जिल्ह्यातून टो होऊन आली. चार सिलिंडर, कॉमन रेल डिझेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच रेलमधून, म्हणजे दाबाखालच्या नळीतून, डिझेल मिळतं), बीएस ४ या प्रदूषण निकषांच्या काळातली, ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बोनेटखाली बॅटरीच्या शेजारी. पावसाळा लागल्यावर ती चालता चालता एकदम बंद पडायची आणि अर्ध्या तासाने काही न करता उठायची. महिनाभरात बंद राहण्याची वेळ वाढत गेली आणि शेवटी सेल्फ नुसता फिरत राहायचा, गाडी उठायचीच नाही. तोवर क्रँक सेन्सर, डिझेल फिल्टर आणि मेन रिले बदलून झाले होते. आमच्याकडे आली तेव्हा चावी ऑन केल्यावर चेक लाइट लागत नव्हता आणि हीटरचा (थंड इंजिन उठवायला मदत करणाऱ्या ग्लो प्लगचा) दिवाही नाही. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा शून्यावरून हलत नव्हता.

या लक्षणांवर बहुतेक ठिकाणी एकच निकाल दिला जातो: ईसीएम गेला. या गाडीत तो खरंच गेला होता. पण त्याच लक्षणांच्या कितीतरी गाड्या एका फ्यूजवर, एका अर्थवर किंवा एका शॉर्ट झालेल्या सेन्सरवर बऱ्या होतात. ईसीएम चांगला की वाईट हे थेट सांगणारं साधन गॅरेजमध्ये नसतं. त्याला जे मिळायला हवं ते सगळं मिळतंय आणि तरीही जे त्याने द्यायला हवं ते तो देत नाही, एवढंच आपल्याला सिद्ध करता येतं. म्हणून हे निदान सगळ्यात शेवटी करायचं. त्याच्या आधीच्या सगळ्या पायऱ्या कंटाळवाण्या आहेत, पण त्या टाळल्या की महागडा नवा भाग बसवूनही गाडी तशीच उभी राहते.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी रात्रभर उभी असताना टर्मिनलवर १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत आणि सेल्फ मारताना ते ९.६ च्या खाली जाता कामा नयेत. इथे १२.५ आणि १०.४ मिळाले. मीटरचे पिन बॅटरीच्या शिशाच्या खांबावर लावायचे, क्लॅम्पवर नाही. खांब आणि क्लॅम्प यांच्यात पांढरी पूड धरली असेल तर दोन्हीकडचे आकडे वेगळे येतात आणि तोच दोष असतो. बॅटरी दमलेली असेल तर सेल्फ मारताना ईसीएमचा पुरवठा कोसळतो, तो पुन्हा पुन्हा रीसेट होतो आणि त्याच्या आठवणीत दोषाचे नको ते कोड बसतात.

मग स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी (तपासणीच्या) सॉकेटला कोड वाचणारा स्कॅनर. पिन १६ ला कायमची बॅटरी लाइन आणि ४ व ५ ला अर्थ आहे ना, हे आधी पाहायचं, नाहीतर स्कॅनरच चालू होत नाही आणि दोष ईसीएमवर जातो. इथे स्कॅनर चालू झाला. एबीएस आणि एअरबॅग बोलत होते, इंजिनचा ईसीएम बोलत नव्हता. एबीएसमध्ये यू ०१०० साठवलेला होता, म्हणजे इंजिन ईसीएमशी संपर्क तुटला. इथून एक गोष्ट कळते: कॅन लाइन (गाडीतले कॉम्प्युटर आपसात बोलतात त्या दोन वायरी) पूर्ण मेलेली नाही, नाहीतर एबीएसही बोलला नसता. तरी लाइन मोजलीच. बॅटरीची निगेटिव्ह काढून पिन ६ आणि १४ यांच्यात ओहम पाहिले तर ६० आले. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात, म्हणून ६०. ईसीएमचा कपलर (वायरींचा जोड) काढला की १२० झाले. या गाडीत एक रेझिस्टर ईसीएमच्या आत आहे, म्हणजे तो तुटलेला नाही आणि ईसीएमपर्यंतच्या दोन्ही वायरी अखंड आहेत. आकडा ६० च्या खूपच खाली असता तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्याचा संशय घेतला असता.

आता पुरवठा. ईसीएमला तीन प्रकारच्या लाइन येतात: चावी बंद असतानाही राहणारी कायमची बॅटरी लाइन, चावी ऑनची लाइन, आणि मेन रिलेमधून येणारी मोठी लाइन. यातला रिले ईसीएम स्वतःच ओढतो. चावी ऑनची खबर मिळाली की तो रिलेच्या कॉइलला अर्थ देतो, रिले टक् करून बसतो आणि मोठी लाइन ईसीएमकडे येते. त्यामुळे रिले बसत नसेल तर रिले बदलून उपयोग होईलच असं नाही. आदेश देणाराच झोपलेला असू शकतो. इथे आधीच्या ठिकाणी रिले बदलला गेला तो याच घोटाळ्यामुळे.

रिलेच्या सॉकेटमध्ये ३० नंबरला कायमची लाइन होती, कॉइलच्या एका बाजूला १२ व्होल्ट होते, दुसऱ्या बाजूला ईसीएमकडून अर्थ येत नव्हता. १५ अँपियरचा फ्यूज घातलेल्या जंपर वायरने ३० आणि ८७ जोडले. मोठी लाइन ईसीएमच्या कपलरपर्यंत पोहोचली, तरी चेक लाइट नाही आणि स्कॅनरलाही उत्तर नाही. फ्यूज डोळ्यांनी पाहून पास करायचा नाही. केसाएवढी चीर गेलेला फ्यूज दिसायला अखंड असतो. दोन्ही कानांवर टेस्ट लॅम्प लावूनच बघायचा, तोही चावी ऑन असताना.

सगळ्यात जास्त वेळ अर्थवर द्यावा असं आमचं ठाम मत आहे, कारण सगळ्यात जास्त चुकीचे निकाल तिथेच लागतात. बहुतेक जण मीटर ओहमवर ठेवून अर्थ तपासतात. मीटर त्या वायरीतून अगदी नगण्य करंट पाठवतो. वायरीतल्या तीस तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी मीटर ०.२ ओहम दाखवतो आणि वायर पास होते. त्याच वायरीतून चार-पाच अँपियर जायची वेळ आली की ती हात टेकते. म्हणून भार टाकून तपासायचं. ईसीएमचा कपलर काढून, पुरवठ्याच्या पिनपासून अर्थच्या पिनपर्यंत हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब जोडायचा. तो साडेचार अँपियरच्या आसपास ओढतो. बल्ब पांढरा लख्ख पेटला पाहिजे. पेटलेला असताना मीटरचा एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरा कपलरच्या अर्थ पिनवर ठेवून व्होल्ट वाचायचे. ०.१ च्या आत असतील तर अर्थ चांगला. पुरवठ्याच्या बाजूलाही असंच, पॉझिटिव्ह खांबापासून कपलरपर्यंत, तिथे ०.२ पर्यंत चालतं. चावी ऑनची जी बारीक खबरेची वायर असते तिच्यावर मात्र हेडलाइटचा बल्ब लावू नये. तिला ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब पुरे.

कपलरच्या पिनांत मीटरचा जाड पिन कोंबायचा नाही, ही इथली पोटसूचना, पण तिला मुख्य सूचनेइतकंच वजन आहे. मादी पिन एकदा फाकली की ती नव्या ईसीएमलाही ढिली बसते, आणि खड्ड्यात बंद पडणारी गाडी आपण स्वतः तयार करतो. त्याच मापाचा नर पिन वायरीला क्रिंप करून (पक्कडीने दाबून बसवून) टेस्ट लीड बनवून ठेवावी. तो पिन घालताना आणि काढताना हाताला थोडी पकड जाणवली पाहिजे. अलगद निघाला तर ती मादी पिन बदलायची.

या गाडीत बल्ब पिवळट पेटला. अर्थच्या बाजूला ०.९ व्होल्टची गळती, म्हणजे तेवढे व्होल्ट वाटेतच वाया. वायर बॅटरी ट्रेखाली बॉडीला जाते तिथे तिच्या गोल टर्मिनलवर हिरवा कळंक धरला होता आणि खाली बॉडीचा पत्रा गंजला होता. टर्मिनल कापून नवं क्रिंप केलं, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट नवा घातला, आवळून वरून गंजरोधक फवारा दिला. आकडा ०.०४ वर आला. अशा वेळी मन म्हणतं, सापडलं. कपलर जोडून चावी ऑन केली तर पुन्हा शांतता.

पुढची पायरी ५ व्होल्टची. ईसीएम सेन्सरांना स्वतःच्या आतून ५ व्होल्टचा पुरवठा देतो: रेल प्रेशर सेन्सर, मॅनिफोल्डचा प्रेशर सेन्सर, एक्सलेटर पेडल वगैरे. बऱ्याच गाड्यांत दोन-तीन सेन्सर एकाच ५ व्होल्ट लाइनवर असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला किंवा वायर सोलवटून बॉडीला लागली की संपूर्ण लाइन खाली बसते. काही ईसीएम त्या शॉर्टने इतके गोंधळतात की स्कॅनरशी बोलणंही बंद करतात आणि मेल्यासारखे दिसतात. म्हणून मेन रिले जंपरने जोडलेला ठेवून रेल प्रेशर सेन्सरच्या कपलरवर ५ व्होल्ट बघितले: शून्य. मग सेन्सर एकेक करून काढत गेलो. एखादा काढल्याबरोबर ५ व्होल्ट परत आले तर चोर तोच. उंदराने कुरतडलेली वायरही इथेच पकडली जाते. या गाडीत सगळे सेन्सर काढूनही शून्यच राहिला. त्यानंतर ईसीएमचा कपलर काढून त्या ५ व्होल्टच्या वायरी बॉडीशी आणि १२ व्होल्टशी चिकटलेल्या नाहीत ना, हेही मोजून घेतलं. स्वच्छ होत्या.

इथे निकाल लागला. कायमची लाइन भारावर भरलेली, चावी ऑनची खबर हजर, मोठी लाइन हजर, अर्थ ०.०४, बाहेरच्या वायरिंगमध्ये शॉर्ट नाही. तरी ईसीएम मेन रिले ओढत नाही, ५ व्होल्ट देत नाही, कॅनवर बोलत नाही. सगळं मिळूनही तो या तिन्हींपैकी एकही गोष्ट करत नसेल तर दोष त्याच्या आत आहे.

ईसीएम थोडंफार बोलत असेल तर काम वेगळं होतं, कारण मग कोड वाचता येतात. पी ०६०६ म्हणजे प्रोसेसरचा दोष, पी ०६०१ आणि पी ०६०५ मेमरीचे, पी ०६४२ आणि ०६४३ हे ५ व्होल्ट लाइन खाली किंवा वर गेल्याचे, पी ०६८५ मेन रिलेच्या सर्किटचा. पी ०६०६ दिसला की ऑर्डर द्यायची घाई होते. पण पुरवठा झोके खात असला तरी हा कोड बसू शकतो. सोबत पी ०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी, असेल तर आधी बॅटरी, अल्टरनेटर आणि अर्थ. सगळं ठीक करून, कोड पुसून, दोन-तीन थंड स्टार्टनंतर तोच एकटा परत आला तरच ईसीएमकडे वळायचं. गरम झाल्यावरच बंद पडणारी गाडी असेल तर ईसीएमवर हेअर ड्रायर धरून, स्कॅनरवर संपर्क तुटतो का ते पाहता येतं. तुटला आणि गार झाल्यावर परत जुळला तर आतला एखादा सांधा उकललेला असतो. प्लॅस्टिक वितळेल अशी हीट गन वापरू नये. चालत्या गाडीत तो भाग जेवढा तापतो तेवढाच तापवायचा.

दुसऱ्या गाडीचा चालू ईसीएम काढून लावून बघण्याची पद्धत आम्ही पूर्ण टाळतो. इमोबिलायझरमुळे (ओळखीच्या चावीशिवाय गाडी उठू न देणारी यंत्रणा) तो गाडी उठवणार नाहीच, आणि काही बनावटींत तो चुकीच्या गाडीशी एकदा जोडला गेला की मूळ गाडीतही परत चालत नाही. शिवाय वायरिंगमध्ये शॉर्ट असेल तर एकाऐवजी दोन ईसीएम जातात.

ईसीएम काढताना कपलरच्या आत हिरवट ओल दिसली. डबा उघडला तर कपलरच्या मागच्या कोपऱ्यात पुरवठ्याच्या भागातले तांब्याचे ट्रॅक कळंकाने खाल्लेले होते. पाणी आत कुठून आलं हे शोधल्याशिवाय नवा बसवणं म्हणजे त्यालाही तीच वाट दाखवणं. दोन वाटा सापडल्या. वायपरखालच्या प्लॅस्टिकच्या पन्हळीची निचऱ्याची भोकं पानांनी तुंबली होती आणि तिथलं पाणी ओसंडून नेमकं वायरिंगच्या जुडग्यावर पडत होतं. दुसरी वाट जास्त फसवी. फॉग लॅम्प लावताना कुणीतरी ईसीएमकडे जाणाऱ्या एका वायरीचं आवरण कापून तिथून लाइन उचलली होती आणि वर साधी टेप गुंडाळली होती. टेप सुटली. उघड्या तारांतून पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं आवरणाच्या आतून चढत गेलं आणि थेट कपलरच्या पिनवर पोहोचलं. बाहेरून कपलरचं रबर सील अगदी शाबूत होतं, म्हणून कुणाला शंका आली नव्हती. ती वायर कपलरपर्यंत पूर्ण बदलली. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत हा दोष विशेष लवकर वाढतो. इंजिन प्रेशर गनने धुण्याची सवयही अशीच पाणी आत ढकलते.

पाणी सापडलं म्हणून बाकीचा तपास सोडायचा नाही. ईसीएमचं नुकसान बाहेरच्या भागांकडूनही होतं. कॉमन रेलच्या सोलेनॉइड इंजेक्टरची कॉइल साधारण ०.२ ते ०.५ ओहमची असते. मीटरच्या लीड एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करून वाचायचं. चारही जवळपास सारखे हवेत, आणि कॉइलपासून इंजेक्टरच्या बॉडीपर्यंत अजिबात संपर्क नको. असेल तर नव्या ईसीएमचा इंजेक्टर ड्रायव्हर (इंजेक्टरला करंट देणारा आतला भाग) पहिल्याच सेल्फला जाऊ शकतो. ईसीएम इंजेक्टर उघडण्यासाठी आतून ६०-७० व्होल्टच्या वर झटका देतो, त्यामुळे गाडी चालू असताना त्या वायरींना हात किंवा टेस्ट लॅम्प लावायचा नाही. अल्टरनेटरचं चार्जिंग भारावर १३.८ ते १४.५ मध्ये हवं. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर आधी बदलायचा. मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर डायोड गळतायत. गाडीच्या मागच्या इतिहासात उलट्या केबलने जंप स्टार्ट दिला होता का, किंवा गंजलेल्या पत्र्याला बॅटरी न काढता वेल्डिंग केलं होतं का, हेही गिऱ्हाईकाला विचारावं.

आता पर्याय तीन. पहिला, जुन्याच बोर्डाची दुरुस्ती. उकललेला सांधा, फुगलेला कपॅसिटर, गेलेला ड्रायव्हर ट्रान्झिस्टर हे चांगला कारागीर बदलतो आणि गाडीचा सगळा डेटा जागेवर राहतो. ज्या ईसीएममध्ये सिरॅमिकच्या पाटीवर केसाएवढ्या ॲल्युमिनियमच्या तारांनी जोडणी असते, तिथे मात्र सोल्डरिंग आयर्नचं काम नसतं. दुसरा, जुना ईसीएम आणून त्यात डेटा क्लोन करणं. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात किंवा दिल्लीच्या मायापुरीत असे मिळतात. लेबलवरचा हार्डवेअर नंबर अक्षर न अक्षर जुळला पाहिजे, आणि बिल घेतल्याशिवाय घेऊ नये, कारण तो भाग कुठल्या गाडीतून निघाला हे आपल्याला माहीत नसतं. क्लोनसाठी जुन्यातून प्रोसेसरची फ्लॅश मेमरी आणि इमोबिलायझर, चेसिस नंबर, इंजेक्टर कोड जिथे असतात ती ईईप्रॉम नावाची छोटी मेमरी, दोन्ही वाचता यायला हवं. फाइल तीनदा वाचून तिन्ही तंतोतंत सारख्या आल्या तरच खरी. नुसते शून्य किंवा नुसते एफ भरलेली फाइल म्हणजे चीप वाचलीच गेलेली नाही. तिसरा पर्याय नवा. तो चेसिस नंबर देऊनच मागवायचा. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांतल्या गाड्यांत हार्डवेअर वेगळं असू शकतं. इथे प्रोसेसर वाचला गेला नाही, म्हणून नवा.

नवा येईपर्यंत इंजेक्टरचे कोड उतरवून घेतले. प्रत्येक इंजेक्टर फॅक्टरीत चाचणीवर चढतो आणि तो नेमक्या किती वेळात किती डिझेल सोडतो त्याचा फरक अक्षर-अंकांच्या कोडमध्ये त्याच्या डोक्यावर कोरला जातो. ईसीएम त्या कोडवरून प्रत्येकाची वेळ सावरतो. जुना ईसीएम बोलत असता तर ते त्यातूनच वाचले असते. इथे इंजिन कव्हर काढून, डोकी क्लीनरने पुसून, फोटो घेतले. कव्हरवर चिकटवलेल्या फॅक्टरीच्या लेबलवर विसंबू नये. मधल्या काळात पंप रूममध्ये (डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करतात तिथे) इंजेक्टर बदलले किंवा अदलाबदल झाले असतील तर लेबल खोटं पडतं. कोरीव कोडमध्ये ८ आणि बी, ५ आणि एस सारखे दिसतात, म्हणून फोटो मोठा करून दोघांनी वेगवेगळं वाचावं. एक नंबरचा सिलिंडर कुठल्या बाजूने मोजायचा हे त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये पाहूनच लिहावं.

बसवण्याचं काम अर्ध्या तासाचं. चावी बंद केल्यावर लगेच बॅटरी काढायची नाही. ईसीएम काही सेकंद जागा राहून शिकलेली मूल्यं साठवतो, तेव्हा पाच मिनिटं थांबून मग आधी निगेटिव्ह काढायची. ईसीएमच्या उघड्या पिनांना बोट लावू नये. आधी बॉडीच्या धातूला हात टेकवून अंगातली स्थिर वीज जाऊ द्यावी. कपलरची लॉकची दांडी पूर्ण उघडी ठेवून सरळ टेकवायचा आणि दांडीनेच ओढून घ्यायचा. वाकडा बसवून दाबला की पिन मुडपतात. ग्रीस सीलच्या रबराला अगदी पातळ लावलं, पिनांवर थापलं नाही. ब्रॅकेटचे ६ एमएमचे बोल्ट ८ ते १० न्यूटन मीटरला. ब्रॅकेटखालचे रबर वायसर आणि अर्थची पट्टी जिथल्या तिथे गेली पाहिजे.

प्रोग्रॅमिंगमध्ये ईसीएम मरतात ते बहुधा व्होल्टेजमुळे. अर्धवट लिहिलेला ईसीएम पुन्हा बोलेल याची खात्री नसते. गाडीला १३.५ व्होल्टवर स्थिर राहणारा पॉवर सप्लाय जोडला. नेहमीचा बॅटरी चार्जर चालत नाही, त्याच्यात लहरी असतात. सप्लाय किमान ३० अँपियरचा हवा, कारण बऱ्याच गाड्यांत लिहिणं चालू असताना रेडिएटरचा पंखा आपोआप पूर्ण वेगाने फिरू लागतो. ते पाहून घाबरून चावी बंद करणारे लोक आहेत. ब्लोअर, हेडलाइट, टेप बंद. लॅपटॉप चार्जिंगवर, त्याचं झोपणं बंद, नेट स्थिर.

क्रम असा ठेवला: चेसिस नंबर, मग गाडीची रचना (एसी, एबीएस, गिअरबॉक्स), मग इमोबिलायझरची जुळणी, मग इंजेक्टर कोड. चेसिस नंबर काही ईसीएममध्ये एकदाच लिहिता येतो, म्हणून एंटर दाबण्याआधी आरसी बुकाशी आणि बॉडीवर ठोकलेल्या नंबराशी ताडून पाहिला. इमोबिलायझरच्या वेळी घरातली दुसरी चावीही हातात हवी. अनेक गाड्यांत जुळणीच्या वेळी हजर नसलेली चावी यादीतून निघते, म्हणून ती आधीच मागवून घेतली होती. सगळं झाल्यावर चावी बंद, एक मिनिट थांबून पुन्हा ऑन. चेक लाइट लागला, हीटरचा दिवा लागला. प्रत्येक मोड्यूलमधले कोड पुसले, कारण एबीएसमधला जुना यू ०१०० तसाच राहतो आणि पुढच्याला फसवतो.

पहिला सेल्फ स्कॅनर बघतच मारला. सेल्फवर इंजिन २०० आरपीएमच्या वर फिरलं पाहिजे, क्रँक आणि कॅम जुळल्याची खूण यायला हवी आणि रेल प्रेशर २०० ते ३०० बारकडे चढायला हवं. गाडी चौथ्या सेकंदाला उठली. आयडलवर मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर जवळजवळ चिकटून चाललं पाहिजे. मग चारही इंजेक्टरची आयडलची दुरुस्ती मूल्यं पाहिली. इंजेक्टर कोड चुकीच्या सिलिंडरला लिहिला गेला तर गाडी उठते, पण थंड असताना खडखडते, थरथरते, धूर देते. या लक्षणांवर लोक इंजेक्टर उतरवतात, तेव्हा आधी कोड ताडावेत. त्यानंतर ईजीआर (धूर इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह), एक्सलेटर आणि क्रँक चक्र यांची मूल्यं नव्या ईसीएमने शिकणं स्कॅनरमधल्या क्रमाने करून घेतलं. हे राहिलं तर गाडी चालते, पण चौकाचौकात आयडल डगमगतं.

बीएस ६ डिझेल असती तर आणखी एक काम होतं. धूर अडवणाऱ्या डीपीएफमध्ये किती काजळी साठली आहे याचा हिशेब ईसीएम ठेवतो. नव्याचा हिशेब शून्यावरून सुरू होतो, फिल्टर मात्र अर्धा भरलेला असतो. मग काजळी जाळण्याची वेळ फार उशिरा येते, एकदम जास्त जळते आणि फिल्टर तडकू शकतो. जुना बोलत असेल तर तो आकडा आधी वाचून नव्यात लिहायचा. बोलत नसेल तर गाडी सोडण्याआधी गॅरेजमध्येच काजळी जाळून घ्यायची.

चाचणीला पाच किलोमीटरची चक्कर पुरत नाही. तीन थंड स्टार्ट घेतले, तासभर घाटात चालवून बोनेट बंद ठेवून वीस मिनिटं उभी केली आणि गरम असतानाच पुन्हा उठवली, कारण मूळ तक्रार चालता चालता बंद पडण्याची होती. काचेवर पाइपने दहा मिनिटं पाणी सोडलं आणि खाली टॉर्च धरून पन्हळीतून थेंब कुठे पडतो ते पाहिलं. पाणी आता चाकाच्या बाजूने बाहेर जात होतं. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर लावून आयडलवर ईसीएमच्या अर्थची गळती पुन्हा मोजली, ०.०५. शंभरेक किलोमीटर झाल्यावर गाडी परत बोलावून सगळी मोड्यूल स्कॅन केली, एकही कोड नव्हता.

चारही इंजेक्टरचे कोड, नव्या ईसीएमचा नंबर आणि बदलल्याची तारीख एका कागदावर लिहून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. जुना ईसीएम गिऱ्हाईकाला परत दिला.